उजेड किती पुरे?

अंगणातला हौद उघडा राहिला की पाणी हिरवे होते, आणि झाकला की शेवाळ मरते. यावरून कुणीही म्हणेल, जितका उजेड जास्त, तितके शेवाळ जास्त. हा हिशेब कुठे चुकतो, आणि तो चुकल्यामुळे एका गुरुशिष्यांत कसे अंतर पडले, ते आज सांगायचे आहे.

१८९० साली हॉलंडमधल्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एका पेशीचे गोल शेवाळ वेगळे काढून वाढवले. त्याचे नाव क्लोरेला. पुढे १९१९ मध्ये बर्लिनच्या ऑटो वारबुर्ग यांनी प्रयोगासाठी तेच निवडले. मंद उजेडात प्रकाश दुप्पट केला की कामही दुप्पट होई. प्रखर उजेडात मात्र कितीही वाढवा, काम वाढेना! मग त्यांनी दिव्यासमोर खाचांची चकती फिरवून उजेड तोडून तोडून दिला. तेवढ्याच प्रकाशात काम अधिक झाले. शेवाळाला उजेडाबरोबर अंधारही हवा होता म्हणायचा!

वारबुर्ग यांच्या हाताखाली शिकून रॉबर्ट इमर्सन हा अमेरिकन तरुण १९२७ साली डॉक्टर झाला. त्याने गुरूचीच युक्ती पुढे नेली. १९३२ मध्ये विल्यम अर्नोल्ड याच्यासह त्याने निऑन दिव्याची चमक क्लोरेलावर टाकली; ती सेकंदाच्या सुमारे एक लक्षांशाइतकी. प्रकाश टिपायला तेवढा क्षण पुरतो. पण टिपलेला प्रकाश पचवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि गारठ्यात तर आणखीच. जात्यात मूठभर दाणे मावतात. वरून पोते ओतले म्हणून पीठ लवकर पडत नाही, तसेच हे.

आता भांडण कशाचे? प्राणवायूचा एक रेणू सुटायला किती प्रकाशकण लागतात, याचे. वारबुर्ग म्हणत, चार. इमर्सनच्या मोजणीत आठदहा किंवा त्याहून अधिक येत. प्रश्न पुस्तकी नव्हता. महायुद्धानंतर भुकेल्या जगाला क्लोरेला खाऊ घालण्याची मोठी आशा होती. १९५१ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरी एका गच्चीवर प्लॅस्टिकच्या नळ्यांत त्याची शेतीही करून पाहिली. चार हा आकडा खरा, तर तेवढ्याच उन्हात दुप्पट पीक.

१९४८ मध्ये वारबुर्ग स्वतः इलिनॉय राज्यातल्या अर्बाना येथे शिष्याच्या प्रयोगशाळेत आले. महिनोन्महिने प्रयोग झाले, पण एकमत झाले नाही. पुढे इतरांच्या मोजण्यांनी इमर्सनचीच बाजू खरी ठरवली. तो १९५९ साली विमान अपघातात गेला. वारबुर्ग १९७० साली वारले, ते शेवटपर्यंत आपल्या आकड्याला धरून.

गच्चीवरच्या शेतीनेही तेच शिकवले. भर उन्हात वरच्या थरातल्या पेशींना उजेड झेपत नाही, आणि त्यांच्याच सावलीत खालच्या पेशी उपाशी राहतात. म्हणून आजही शेवाळ वाढवणारे पाणी उथळ ठेवतात आणि सतत ढवळतात. म्हणजे प्रत्येक पेशीला घटकाभर ऊन, घटकाभर सावली मिळते.

वारबुर्ग यांचा आकडा चुकला, पण तो तपासण्याची रीत त्यांनीच शिष्याला शिकवली होती. शिष्याने आकडा सोडला, रीत सोडली नाही. गुरूचे ऋण फेडायचे, ते याहून वेगळे कसे?