वनातील पाचोळा आणि कर्बसंचय

अठराव्या शतकात मध्य युरोपातील शेतीत गुरे रानात न सोडता गोठ्यात बांधून पोसण्याची पद्धत रूढ होऊ लागली. गोठ्यात अंथरण्यास पेंढा पुरेना. बटाट्याची लागवड वाढली तसा तर तो अधिकच दुर्मीळ झाला. तेव्हा लहान शेतकरी दाताळी घेऊन रानात शिरले व झाडांखालचा पाचोळा ओढून नेऊ लागले. शेणमुतात मुरलेला हा पाचोळा खत म्हणून शेतात पडे. अशा रीतीने, कुऱ्हाडीचा एकही घाव न पडता, रानाचे सत्त्व पिढ्यान्‌पिढ्या शेताकडे वाहत राहिले. झाडे खुरटली.

या ऱ्हासाची शास्त्रीय मीमांसा बव्हेरियातील आशाफेनबुर्ग येथील वनविद्यालयाचे प्राध्यापक एर्न्स्ट एबरमायर यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या पाचोळ्यावरील ग्रंथात आढळते. पृथक्करणाअंती असे दिसून आले की, लाकडात खनिज द्रव्यांचा अंश अल्प असतो, पानांत तो पुष्कळ असतो. म्हणून ओंडके नेल्याने जमिनीची जेवढी हानी होते, तिच्या मानाने सतत पाचोळा नेल्याने होणारी हानी फार मोठी ठरते. मात्र पाचोळ्यावाचून ज्याचा गोठा चालत नव्हता, त्याला हे पटावे कसे? ठाणे-कुलाब्याकडील राबाचा वाद व १८८७ चा मुंबई वन-आयोगाचा अहवाल ज्यांना परिचित आहेत, त्यांना हा पेच नवा वाटणार नाही.

एबरमायर यांच्यापुढे प्रश्न इमारती लाकडाचा होता, कर्बसंचयाचा नव्हे. परंतु सुक्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कर्बाचेच असते. सबब जेथे वाढ खुंटते तेथे संचयही खुंटतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेतील कर्बाम्ल वायू वाढत असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा हा वायू वनस्पतींचे अन्नच असल्याने अरण्ये अधिक जोमाने वाढतील व पुष्कळसा कर्ब गिळून टाकतील, अशी आशा बळावली. जमिनीचा विचार या आशेत मागे पडला.

२००१ साली ओरेन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील पाइन वृक्षांवरील दोन प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. मध्यम कसाच्या जमिनीत जादा वायूमुळे आलेला जोम तीन वर्षांत ओसरून नाममात्र उरला. निकस जमिनीत तो दिसलाच नाही. पोषकद्रव्ये पुरविताच दोन्हीकडे वाढ झपाट्याने झाली. तथापि यावरून सरसकट अनुमान काढणे घाईचे ठरले असते. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक वनात पुढे अनेक वर्षे वाढ टिकून राहिली, कारण तेथील वृक्षांनी मुळांच्या व बुरशीच्या साहाय्याने जमिनीतून अधिक नत्र मिळविले.

नत्राचा मूळ साठा निदान हवेत आहे. स्फुरद मुख्यतः खडकातून यावे लागते. सिडनीच्या पश्चिमेस, स्फुरदाची वाण असलेल्या जमिनीवरील जुन्या निलगिरीच्या वनात २०१२ पासून हवेतील कर्बाम्ल वायूचे प्रमाण दशलक्षात १५० भागांनी वाढविण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार या वनाने सुमारे १२ टक्के अधिक कर्ब शोषला. पण खोडांत त्याची भर आढळली नाही. शोषलेला हा जादा कर्ब श्वसनावाटे हवेत परतला होता, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग जमिनीतूनच बाहेर पडला होता.