उचल, फेड आणि शाळा

रद्दीच्या दुकानात मला एका मुकादमाची वही मिळाली. बीड जिल्ह्यातली, 1980 च्या दशकातली. पानोपानी नावे, नावापुढे उचलीचा आकडा आणि खाली अंगठा. क्वचित कुठे सही. सही करणाऱ्याला उचल जास्त मिळाली का, हे मी पेन्सिल घेऊन तपासले. नाही मिळाली. एका वहीवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळते. पण कारण उघड आहे. उचल ठरते कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. उसाला पाचवी-सातवी कळत नाही.

तोच ऊस कारखान्याच्या फाटकातून आत गेला की हिशेब पालटतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला. 1957 साली केंद्राने साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले. आतल्या कामगाराला अकुशल, कुशल, कारकून अशा श्रेणी मिळाल्या. कारकुनीला मॅट्रिक, प्रयोगशाळेला विज्ञानाची पदवी. तोडणी मजूर मुकादमाचा. कारखान्याच्या हजेरीपटावर तो नव्हताच. शिक्षणाने पगार वाढतो हे खरे, पण फाटकाच्या आत.

आणि फाटकापर्यंत पोचायचे कसे? माझे आईवडील तोडणीला जात. आजी गावी होती म्हणून मी मागे राहिलो, दहावी झालो आणि एका कारखान्यात चिटबॉय लागलो. माझा चुलतभाऊ गणितात माझ्यापेक्षा हुशार. पण त्याला ठेवून घ्यायला कोणी नव्हते. दिवाळी झाली की तो गाडीवर बसून फडावर जायचा, परतायचा तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असायची. चौथीत शाळा सुटली. पुढे मी फडात चिठ्ठी फाडायचो आणि तो मोळ्या बांधायचा. पुढच्या काळात साखरशाळा निघाल्या, त्यांचा उपयोगही झाला; पण पट्टा पडला की टोळी गावाकडे निघते, आणि शाळा तिथेच राहते.

मग फडात अक्षराची किंमत शून्यच का? मी बरीच वर्षे तसेच समजत होतो. अलीकडे वही पुन्हा उलटली तेव्हा फेडीच्या रकान्याकडे लक्ष गेले. वजनाच्या पावत्या जोडून मुकादम हंगामाअखेर बाकी काढतो, आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते. अंगठ्यांपुढची बाकी जशीच्या तशी आहे. एका पानावर मात्र मुकादमाचा आकडा खोडून कुणीतरी वेगळ्या शाईत दुसरा, लहान आकडा लिहिला आहे. त्या नावाखाली सही आहे.