शकुंतला गेली, आता गाडीची वेळ कोण ठरवणार?



यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर, अशी आपली शकुंतला धावायची. सुमारे १९० किलोमीटरची वाट आणि रुळांची रुंदी फक्त अडीच फूट. दारव्हा, कारंजा, अंजनगाव ही तिची स्टेशनं. आज तिची गोष्ट सांगायची आहे, कारण त्यात आपल्या कामाचा एक धडा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही रेल्वे उभी केली. कशासाठी? वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनवर, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांत नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं.

गाडी कापसाची होती, पण आपल्या आज्यांनी ती आपली करून घेतली. बाजार, माहेर, दवाखाना, सगळं तिच्यावर. वेग बैलगाडीचा, पण तिकीट परवडायचं.

देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारी रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा. रूळ जुने होत गेले. गेल्या दशकात दोन्ही बाजूंची गाडी थांबली. रुंदीकरणाची आश्वासनं मिळाली, पण शकुंतला परतली नाही.

मग उरली एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. १७ मार्च २०२३ पासून बायांना तिच्यात अर्धं तिकीट आहे. पण बसच वेळेवर नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? आमच्या गावात सकाळची बस अकराला येते आणि कॉलेज साडेदहाला भरतं. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीने याच कारणाने शिक्षण सोडलं.

तेव्हा आम्ही गटाच्या बैठकीत वही काढली. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता जाते आणि परत कधी येते, हे सगळं लिहिलं. मजुरीला जाणारी, गरोदर बाई, बाजारात भाजी विकणारी, कॉलेजची मुलगी, कुणालाही सोडलं नाही. ती यादी ग्रामसभेत वाचली, ठराव घेतला आणि आगार व्यवस्थापकांना दिला. पोच घेतली. बस अजून सुरू झालेली नाही, म्हणून दर महिन्याला आम्ही विचारायला जातो.

शकुंतलेचा मार्ग कापसाने ठरवला आणि ती बंद करताना आपल्याला कुणी विचारलं नाही. पुढची गाडी रेल्वे असो की बस, तिची वेळ ठरताना आपली वही तिथे असली पाहिजे. या महिन्याच्या बैठकीत तुम्हीही एक पान काढा, बायांनो.