विमानाचे टायर व स्ट्रट : दाब सोडणे

विमानाच्या टायरांत आणि लँडिंग गिअरच्या स्ट्रटांत, म्हणजे उतरतानाचा धक्का सोसणाऱ्या दंडगोलांत, साठवलेला वायू दुरुस्तीपूर्वी, चाक बदलण्यापूर्वी किंवा वाहतुकीपूर्वी बाहेर काढून दाब कमी वा शून्य करण्याची क्रिया. दाब भरताना कामगाराचे लक्ष मापकावर असते आणि तो सावध असतो. सोडताना मात्र काम संपत आल्यासारखे वाटते, आवाज थांबला की टायर रिकामा झाला असे गृहीत धरले जाते आणि पाना पुढच्या नटाकडे वळतो. प्रस्तुत नोंदीत म्हणून सोडण्याच्या क्रियेला, आणि दाब खरोखर शून्य झाला आहे हे ताडून पाहण्याला, अधिक जागा दिली आहे.

दाबाचे प्रमाण : मोटारीच्या टायरात ३० ते ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांच्या मुख्य चाकांत तो २०० पीएसआयच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोग्रॅम असतो. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मुख्य टायरांत तो ३४० पीएसआयच्या घरात होता. २०० पीएसआय दाब दहा इंच लांब व दहा इंच रुंद पृष्ठावर २०,००० पौंड, म्हणजे नऊ टन बळ लावतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना असे बळ सतत बाहेरच्या दिशेने ढकलत असते. शिवाय हा दाब वायूचा आहे. द्रव जवळजवळ दबत नाही, त्यामुळे फट पडताच त्याचा दाब कोसळतो; वायू प्रसरण पावत राहतो आणि सुटलेल्या तुकड्याला बऱ्याच अंतरापर्यंत रेटत नेतो.

टायर : दाब सोडण्याची वेळ आसाच्या नटाला पाना लावण्यापूर्वीची. चाक विमानावर घट्ट बसलेले असतानाच व्हॉल्व्हची टोपी काढतात आणि त्या जागी दाब सोडण्याचे खास टोपण बसवतात. ते आतला व्हॉल्व्ह कोअर, म्हणजे वायू अडवून धरणारा भाग, दाबून धरते आणि वायू हळूहळू बाहेर जातो. कोअरची पिन अंगठ्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबू नये. व्हॉल्व्हच्या सरळ रेषेत चेहरा किंवा हात नसावा. काम करणाऱ्याने बाजूला राहावे आणि डोळ्यांना चष्मा असावा.

भरलेल्या टायरातून कोअर थेट उपसून काढणे ही या कामातील सर्वांत घातक घाई होय. शेवटचा आटा सुटताच कोअर वेगाने उडतो आणि डोळा जाऊ शकतो. कोअर टोपणाने दाबून वायू सोडला तरी एक अडचण उरते. बाहेर पडणारा वायू प्रसरणामुळे थंड होतो, व्हॉल्व्हच्या तोंडाशी हवेतील बाष्प गोठते आणि बर्फाने वाट बंद होते. आवाज थांबतो, टायर मात्र अर्धा भरलेला असू शकतो. म्हणून आवाज थांबल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा, कोअर पुन्हा दाबावा, मापक लावून पाहावा, आणि मगच कोअर काढावा. मापकाचा काटा शून्यावर आहे एवढ्यावरही थांबू नये, कारण बंद झालेल्या व्हॉल्व्हवर लावलेला मापकही शून्यच दाखवतो.

बंदिस्त खोलीत एकाच वेळी अनेक टायर रिकामे करू नयेत. टायरांत सहसा भरलेल्या नायट्रोजनला वास वा रंग नसतो आणि तो श्वासातील प्राणवायूचे प्रमाण कळू न देता घटवतो.

चाकाचे दोन अर्ध : मोठ्या विमानाचे चाक सहसा अखंड नसते. त्याचे दोन अर्धे भाग बोल्टांनी एकमेकांना जखडलेले असतात, आणि टायर बसवण्या-काढण्यासाठी ते वेगळे करावे लागतात. टायरात दाब असताना हे बोल्ट त्या दाबाविरुद्ध ताण धरून असतात. त्यांतील काही तुटलेले असतील, किंवा चाकाला तडा गेला असेल, तर आसाच्या नटाने आणि बेअरिंगने दिलेला आधारच दोन्ही अर्धांना एकत्र धरत असू शकतो. नट सैल होताच तो आधार जातो. टायर आधी रिकामा करण्याच्या नियमाचे मूळ येथे आहे. चाक वरून ठीक दिसले म्हणून हा क्रम बदलता येत नाही, कारण आतला तडा बाहेरून दिसतोच असे नाही.

२७ ऑगस्ट २०२४ रोजी अटलांटा येथे डेल्टा एअर लाइन्सच्या चाक व ब्रेक कार्यशाळेत स्फोट होऊन दोन कर्मचारी ठार झाले व एक गंभीर जखमी झाला. चाकाचे भाग देखभालीसाठी सुटे केले जात असताना हे घडले, ते भाग त्या वेळी विमानाला जोडलेले नव्हते, असे कंपनीने सांगितले. विमानाजवळ जे नियम काटेकोर पाळले जातात, ते कार्यशाळेच्या बाकावरही तितकेच लागू आहेत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

काढलेले चाक कार्यशाळेकडे पाठवताना टायर पूर्ण रिकामा करावा की थोडा दाब ठेवावा, याबाबत सूचना एकसारख्या नाहीत. पुन्हा वापरायच्या टायरात आकार टिकावा म्हणून थोडा दाब ठेवण्याची पद्धत आहे; मिशेलिनच्या मार्गदर्शनात वाहतुकीसाठी नेहमीच्या दाबाच्या पाव हिस्सा किंवा ४० पीएसआय, यांपैकी जे कमी असेल ते सुचवलेले आढळते. नुकसान झालेले किंवा संशयास्पद चाक मात्र पूर्ण रिकामे करूनच हलवतात.

तापलेले टायर : उड्डाण रद्द करून जोराने ब्रेक लावल्यावर किंवा जड विमान उतरल्यावर ब्रेकमधील उष्णता चाकात आणि टायरात झिरपत राहते. विमान थांबल्यानंतरही काही वेळ चाकाचे तापमान वाढतच असते. अशा चाकाजवळ जायचेच असेल तर पुढून किंवा मागून जावे, आसाच्या रेषेत बाजूने कधीही जाऊ नये, कारण फुटलेल्या चाकाचे तुकडे प्रामुख्याने बाजूला फेकले जातात. तापलेल्या धातूवर थंड पाण्याचा झोत एकदम मारल्यास तडे जाण्याचा धोका असतो.

या प्रसंगी दाब सोडण्याचे काम माणसाने करू नये अशीच रचना आहे. चाकात ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचे बूच बसवलेले असतात. ते वितळले की वायू निसटतो आणि टायर फुटण्याऐवजी बसतो. ज्या चाकाचा बूच वितळला असेल त्याचा टायर पुन्हा वापरत नाहीत.

वितळबूच सर्व प्रकारच्या स्फोटांना पुरा पडत नाही. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून निघाल्यावर थोड्याच वेळात मिचोआकान राज्यातील डोंगरात कोसळले आणि विमानातील सर्व १६७ जण मृत्यू पावले. ब्रेक तापल्यामुळे चाकघरात दुमडलेला टायर फुटला होता, आणि त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. टायरच्या आतला थर तापला की ज्वालाग्राही वाफ सोडतो. आत प्राणवायू असेल तर ती पेट घेते आणि दाब इतक्या झपाट्याने चढतो की बूच वितळायला अवधीच मिळत नाही. त्यानंतर अमेरिकेत नियम आला : ७५,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३४ टनांहून, अधिक वजनाच्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत कोरडा नायट्रोजन किंवा दुसरा निष्क्रिय वायू भरावा, आणि प्राणवायू आकारमानाने ५ टक्क्यांहून जास्त नसावा.

गरम टायरचा दाब मोजून तो ‘जास्त’ आहे म्हणून थोडा सोडून देणे हा वरवर निरुपद्रवी वाटणारा प्रकारही धोक्याचाच आहे. तापमानात सुमारे ३ अंश सेल्सिअसने फरक पडला की दाब सुमारे १ टक्क्याने बदलतो. टायर थंड झाल्यावर तो ठरलेल्या दाबाच्या खाली गेलेला सापडतो. म्हणून उतरल्यानंतर सुमारे तीन तास थांबून मगच मोजमाप करतात. कमी दाबाचा टायर धावपट्टीवर काय करतो हे ११ जुलै १९९१ रोजी जेद्दा येथे दिसले : नेशनएअर कंपनीच्या डीसी-८ विमानाचे टायर उड्डाणाच्या धावेत निकामी झाले, आग चाकघरात शिरली आणि २६१ जण दगावले.

टायर भेदणारा रणगाडा : दूरनियंत्रणाने दाब सोडण्याच्या एका प्रयोगाची छायाचित्रांसह तपशीलवार माहिती उपलब्ध आहे. १९९३ ते १९९५ या काळात नासाच्या कॅलिफोर्नियातील ड्रायडन केंद्राने कॉन्व्हेअर ९९० हे जुने प्रवासी विमान चाचणीयान म्हणून वापरले. त्याच्या पोटाखाली स्पेस शटलचे चाक बसवून, बाजूच्या वाऱ्यात उतरताना टायर किती झिजतो हे पाहिले जाई. चाचण्यांत टायर मुद्दाम मर्यादेपर्यंत नेले जात. काही फुटत, पण न फुटता आतले दोरे उघडे पडून दाब धरून राहिलेला टायर अधिक चिंतेचा होता, कारण त्याच्याजवळ कोणाला पाठवायचे हा प्रश्न उरे. अशा टायरचा स्फोट डायनामाइटच्या अडीच कांड्यांएवढा असेल, सुमारे १५ मीटरांच्या आतील माणसाला गंभीर इजा होईल आणि ३० मीटरांपर्यंत कानांना कायमचा अपाय संभवतो, असा तेथील अंदाज होता.

उपाय साधनांनी साधा होता. जर्मन किंग टायगर रणगाड्याचे १/१६ मापाचे रेडिओनियंत्रित मॉडेल घेतले, त्यावर विजेचे ड्रिल आणि छोटा व्हिडिओ कॅमेरा बसवला. चालक सुरक्षित अंतरावर पडद्यावर पाहून हे यान टायरपर्यंत नेई, ड्रिल टायरच्या भिंतीत घाली आणि वायू भोकातून निघून जाई. सगळा खर्च ३,००० डॉलरांच्या आत होता. ज्या टायरजवळ माणसाला पाठवता येत नाही, तो व्हॉल्व्हला हात न लावता रिकामा करता येतो, हे या यानाने दाखवून दिले; दाब सोडण्याच्या तंत्रात याहून स्पष्ट विचार प्रस्तुत लेखकाला दुसरा दिसत नाही. चाचण्यांच्या आधारे शटल उतरवण्यासाठीची बाजूच्या वाऱ्याची मर्यादा १५ वरून २० नॉटपर्यंत वाढवण्यात आली.

स्ट्रट : तेल आणि वायू यांवर चालणाऱ्या स्ट्रटची कल्पना व्हिकर्स कंपनीने १९१५च्या सुमारास तोफेच्या धक्काशोषक रचनेवरून उचलली. एका नळकांड्यात दुसरे सरकते; खाली तेल, वर दाबाखालील नायट्रोजन. उतरताना तेल अरुंद छिद्रातून रेटले जाऊन धक्का जिरतो, वायू स्प्रिंगचे काम करतो. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे वजन या वायूवर तोललेले असते. म्हणून येथे दाब सोडणे म्हणजे विमान खाली बसवणे होय.

कामापूर्वी विमानाखालील माणसे, शिड्या, जॅक, गाड्या, टेकू सगळे दूर करतात. व्हॉल्व्हला कोअर असेल तर पिन दाबून कोअरखाली अडकलेला वायू आधी जाऊ देतात, नंतर कोअर काढतात, आणि मग फिरता नट डावीकडे किंचित किंचित सैल करून मुख्य वायू सोडतात. तेलाचा फेस बाहेर पडतो, त्यामुळे भांडे किंवा नळी लागते. नट भराभर सोडल्यास तेल फवाऱ्यासारखे उडते. पुष्कळ स्ट्रटांत वापरले जाणारे लाल खनिज तेल ज्वालाग्राही असते.

व्हॉल्व्हवर दोन षटकोन असतात आणि येथे चूक प्राणघातक ठरू शकते. वरचा फिरता नट वायू सोडतो; खालचा षटकोन हा व्हॉल्व्हचे शरीरच आहे. दाब असताना पाना खालच्या षटकोनाला लागून शरीर आट्यांतून सुटले, तर संपूर्ण व्हॉल्व्ह उडतो. एमएस२८८८९ प्रकारात कोअर नसतो व तो ५,००० पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो; एएन६२८७ प्रकारात कोअर असतो, आणि त्यात घालायच्या उच्चदाबाच्या कोअरच्या दांड्यावर ‘एच’ अक्षर ठोकलेले असते. टायरचा कोअर स्ट्रटात घालू नये.

वायू निघत असताना स्ट्रट आत सरकलाच पाहिजे. सीलच्या घर्षणामुळे तो कधी अडकून राहतो आणि अचानक खाली येतो. त्यासाठी विमान किंचित हलवून घेण्याची पद्धत आहे. काही स्ट्रटांत दोन गॅसकक्ष असतात. एक रिकामा केल्याने दुसरा रिकामा होत नाही.

भारत : हे काम उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या अभियंत्याच्या सहीने होते. महाराष्ट्रात मुंबईत व नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीच्या सोयी आहेत.

हलकी विमाने : सेसना १७२च्या अनेक मॉडेलांत मुख्य टायरांत ३० पीएसआयच्या आसपास आणि पुढच्या स्ट्रटात ४५ पीएसआय एवढाच दाब असतो. आकडा मोटारीइतका असल्याने हात सैल पडतात. या विमानांची चाकेही दोन अर्धांची असतात आणि बोल्ट सोडण्यापूर्वी टायर रिकामाच हवा. पुढच्या स्ट्रटाचे नळकांडे तळाच्या स्प्रिंगसारख्या कडीने अडवलेले असते. दाब असताना ती कडी काढल्यास नळकांडे जोराने खाली सुटते, म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवून, स्ट्रट हाताने आत-बाहेर सरकवून पाहिल्यावरच कडीला हात लावतात.