फाटलेल्या कागदावरील ओळी

भूगोलाच्या तासाला मुलांच्या हातीं कात्री देऊन दक्षिण अमेरिका व आफ्रिका हे दोन खंड कापावयास व एकमेकांस जोडावयास सांगण्याची पद्धत शाळांतून दिसते. मुलें रमतात, कडा बऱ्याच अंशीं जुळतात आणि धडा संपतो. परंतु ज्या गृहस्थानें ही कल्पना जगापुढें हिरीरीनें मांडिली, त्याचें तेवढ्यानें समाधान झालें नव्हतें.

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. १९१० सालीं एका स्नेह्याचा नकाशासंग्रह चाळतांना त्या दोन किनाऱ्यांचें साम्य त्याच्या डोळ्यांत भरलें; पण तो विचार त्यानें तेव्हां बाजूला ठेविला. पुढच्या वर्षीं मारबुर्ग येथें एक निबंध त्याच्या वाचनांत आला. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर एकाच जातीचे जीवावशेष सांपडतात, मध्यें पूर्वीं जमिनीचा पूल असून तो बुडाला असावा, असें त्यांत म्हटलें होतें. वेगेनरनें अवशेष स्वीकारले, पूल नाकारला. खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकाहून हलका. तो बुडणार कसा? १९१५ सालीं त्याचा ग्रंथ निघाला.

त्यांतील दृष्टांत मोठा मार्मिक आहे. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडांवरून जुळवावे खरे. परंतु छापील ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट जातात कीं नाहीं, हें पाहिल्यावरच खात्री पटते. खडकांचे थर, हिमनद्यांचे ओरखडे आणि जीवावशेष ह्या त्या ओळी.

त्यांपैकीं एक ओळ महाराष्ट्रांतून जाते. चंद्रपूरकडील वर्धा खोऱ्यांतला दगडी कोळसा ज्या गोंडवन थरांत आहे, त्यांत ग्लॉसॉप्टेरिस ह्या वनस्पतीचीं जिभेच्या आकाराचीं पानें दगडांत उमटून राहिलीं आहेत. तेंच पान आफ्रिकेंत, ऑस्ट्रेलियांत, दक्षिण अमेरिकेंत आढळतें. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवावरून परततांना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती मृत्यु पावले. त्यांच्याजवळ सुमारें ३५ पौंड दगड मिळाले, त्यांतहि तेंच पान निघालें. उपासमारीनें पाय ओढीत चाललेल्या त्या माणसांनीं तें ओझें टाकलें नव्हतें!

तरीहि अनेक विद्वानांनीं वेगेनरची थट्टाच केली. खंड सरकविणारी शक्ति कोणती, ह्या प्रश्नाला त्याचें उत्तर लंगडें होतें, हेंहि खरें. १९३० सालीं ग्रीनलंडच्या बर्फावर त्याचा अंत झाला. भूगर्भांतील उष्णतेनें खालचा खडक अतिमंद गतीनें वर-खालीं फिरतो व खंडांना वाहून नेतो, ही उपपत्ति आर्थर होम्स ह्या इंग्रज भूशास्त्रज्ञाची. १९४४ सालीं, ऐन युद्धांत, विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाचें शेवटचें प्रकरण त्यानें ह्या जवळजवळ बहिष्कृत विषयाला दिलें. १९६३ सालीं व्हाइन व मॅथ्यूज यांनीं समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लाविला आणि १९६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला.

भारत ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर सरकतो. हें वर्गांत डोळ्यांना दाखविणें कठीण. वाचावयास मात्र पुष्कळ आहे. भूपट्टांचीं नांवें घोकविण्यापूर्वीं मुलांना पूल मानणाऱ्यांची बाजू वाचूं द्यावी, मग वेगेनरची. पूल कां टिकला नाहीं, हें त्यांनीं आपल्या शब्दांत लिहावें. कात्री त्यानंतर द्यावी, आणि भारताच्या तुकड्यावर चंद्रपूरच्या जागीं त्या पानाची खूण आधींच छापलेली असावी.