अपस्माराचे झटके आणि चेतापेशींची हानी

अपस्माराच्या झटक्यांमुळे (बोलीभाषेत फिट, आकडी किंवा मिरगी) मेंदूतील चेतापेशींवर होणारे परिणाम हा चेताविज्ञानातील एक अभ्यासविषय आहे. याविषयीचे बरेचसे ज्ञान उंदीर व बॅबून माकडांवरील प्रयोगांतून मिळाले आहे.

माणसात झटका हे हानीचे कारण की तिचाच परिणाम, हे ठरवणे अवघड असते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात होऊ शकतो आणि झटकेही येऊ शकतात. अशा रुग्णाच्या मेंदूतील व्रण पक्षाघाताचा की झटक्यांचा, हे चित्रणावरून नेहमीच उलगडत नाही. प्रयोगशाळेत मात्र निरोगी प्राण्यात झटका उत्पन्न करून त्याआधीचा व नंतरचा मेंदू तपासता येतो.

== दीर्घ झटके ==
ब्रायन मेल्ड्रम व सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बॅबूनमध्ये बायक्युकुलिन या द्रव्याने दीर्घकाळ झटके घडवून आणले. त्यानंतर मेंदूचे बाह्यक, अनुमस्तिष्क व हिप्पोकॅम्पस येथील पेशी मृत आढळल्या. पुढच्या प्रयोगात प्राण्यांचे स्नायू औषधाने शिथिल करून त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला गेला. तेव्हा ताप व प्राणवायूची कमतरता टळली आणि हानी घटली. हिप्पोकॅम्पसमधील हानी मात्र पूर्णपणे टळली नाही. शरीर शांत असले तरी मेंदूतील अनियंत्रित विद्युत्‌क्रिया पेशींना घातक ठरते, हा या प्रयोगांचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

या हानीच्या मुळाशी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन असते. ते अतिरिक्त प्रमाणात स्रवल्याने एनएमडीए ग्राहींतून कॅल्शियम पेशीत शिरते, विघटक विकरे सक्रिय होतात आणि तंतुकणिका निकामी होतात.

उंदरांमध्ये यासाठी समुद्रशैवालातून मिळालेले कायनिक आम्ल किंवा पायलोकार्पिन (काचबिंदूवरील थेंबांतील औषध) वापरतात. कायनिक आम्ल स्वतःच पेशींना विषारी असल्याने त्याच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला जातो. रॉबर्ट स्लोव्हिटर यांनी केवळ विद्युत्‌-उद्दीपनानेही हिप्पोकॅम्पसमधील ठरावीक पेशी नष्ट होतात असे दाखवले, तेव्हा हा आक्षेप बराच दुर्बल झाला.

== अल्पकालीन झटके ==
एखाद्या छोट्या झटक्याने पेशी मोठ्या संख्येने मरत असल्याचे दिसत नाही. मात्र झटके वारंवार आल्यास चेतातंतूंना नवे फाटे फुटून नव्या जोडण्या तयार होतात. पिल्लांच्या चेतापेशी प्रौढांच्या तुलनेने सहज मरत नाहीत. तरीही पुढे त्यांच्या स्मरणशक्तीत दोष आढळू शकतो.

== उपचारांशी संबंध ==
आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने 2015 मध्ये सर्वांगी आचके देणाऱ्या झटक्यासाठी दोन कालमर्यादा ठरवल्या: 5 मिनिटांनंतर उपचार सुरू करावा आणि 30 मिनिटांनंतर कायम हानीचा धोका मानावा. दुसऱ्या मर्यादेला प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार आहे. लांबलेल्या झटक्यात डायझेपामचा प्रभाव ओसरतो, असेही उंदरांत दिसले आहे. ज्या गाबा ग्राहींवर ते औषध काम करते, ते पेशीपृष्ठावरून आत ओढले जातात.

सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णालय गाठण्यातच अर्धा तास सहज उलटतो. नर्मदाकाठच्या काही वस्त्यांना तर बोटीचाच आधार असतो. नाकात फवारावयाचे मिडॅझोलॅम शीर न शोधता देता येते. डॉक्टरांनी ते लिहून दिले व देण्याची पद्धत समजावली असल्यास घरच्या माणसांनाही ते देणे शक्य असते.