ओमर, एफा आणि आपली पायली

देवळाली कॅम्पाला मापांची सरमिसळ नवी नाही. छावणीचा हिशेब रत्तल, औंस आणि गॅलन यांत चाले, तेव्हा शेजारच्या भगूरचा शेतकरी धान्य पायलीनेच घालीत असे. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धती ठरली, 1958 च्या ऑक्टोबरपासून नवी वजने आली. म्हणून काही घरातले मापटे-चिपटे दुसऱ्या दिवशी अडगळीत गेले नाही. अशा गावच्या श्रोत्यांपुढे प्राचीन इब्री लोकांच्या मापांचा विषय मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

हा विषय वाटतो तितका दूरचाही नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवीत आला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ त्यांनी टिकविला, इब्री भाषा मात्र मागे पडली होती. पुढे कोचीनकडच्या शिक्षकांनी धर्मशिक्षण दिले. 1832 साली जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. धर्मग्रंथ घरात आले आणि त्यांबरोबर ओमर, एफा, हिन, लोग ही नावेही आली. नाव कळले, भांडे कोठे होते? एका ओमराच्या पिठाची कणीक मळली तर तीतला एक गोळा बाजूला काढावा, असा नियम आहे. आता परातीतले पीठ ओमरभर झाले की नाही, हे शेराने मोजणाऱ्या गृहिणीने कसे ठरवावे?

आपली धान्याची मापे निम्म्यानिम्म्याने उतरतात. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी. कोणासही तोंडी हिशेब करता यावा. इब्री मापांत दोन घराणी एकत्र नांदतात. एफाचे तीन सेआ, सेआचे सहा कब, कबाचे चार लोग. म्हणजे एफाचे बहात्तर लोग. ही बाबिलोनकडची सहाची मोजणी. ओमर मात्र एफाचा दहावा हिस्सा. त्यामुळे ओमराचे लोग सात पूर्णांक एक पंचमांश भरतात. असे वेडेवाकडे माप स्वयंपाकघराला कधीच सोयीचे नसते. निर्गमाच्या पुस्तकात मान्नाची कथा सांगून झाल्यावर, ओमर म्हणजे एफाचा दशांश, असा खुलासा जोडलेला आहे. चालू मापाचा खुलासा कोणी करीत बसत नाही. तेव्हा तो लिहिला गेला त्या काळीच ओमर वापरातून जात असावा, असे आम्हांस वाटते.

पुढील पंडितांनी लोगाची किंमत कोंबडीच्या सहा अंड्यांइतकी धरली. तेव्हा ओमर म्हणजे त्रेचाळीस अंडी आणि वर एक पंचमांश. पण अंडे केवढे? अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेज़्केल लांडाऊ यांनी तेच माप अंगठ्याच्या रुंदीने काढून पाहिले, तर ते अंड्यांच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट आले. अंगठा खरा की कोंबडी खरी? त्यांनी अंगठ्याच्या बाजूने निकाल दिला आणि अंडी पूर्वीच्या निम्मी झाली आहेत असे ठरविले. कोंबडीची बाजू मांडायला वकील नव्हता! विसाव्या शतकात जेरुसलेमचे रब्बी नाए यांनी तुर्की दिरहमावरून अंडे 57.6 घन सेंटिमीटरचे धरले; त्या हिशेबाने ओमर अडीच लिटरांना किंचित कमी. बने ब्राकचे रब्बी कारेलित्झ लांडाऊंच्या मार्गाने गेले. त्यांचा ओमर 4.3 लिटरांचा. उत्खननांत सापडलेल्या घड्यांच्या तुकड्यांवरून ऑल्ब्राइट यांनी ‘बाथ’ हे माप, जे एफाएवढेच, सुमारे 22 लिटरांचे अंदाजले; म्हणजे ओमर 2.2 लिटर.

आजच्या 240 मिलिलिटरच्या कपाने पाहू. ऑल्ब्राइटांचा ओमर नऊ कप, नाए यांचा दहाहून थोडा अधिक, कारेलित्झ यांचा अठरा. याचे हसू येण्याचे कारण नाही. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, 933 ग्रॅमचा, असा सरकारने बांधून दिला होता, तरी मापाचा शेर गावोगाव वेगळाच राहिला. तालमुदातही वाळवंटी माप, जेरुसलेमचे माप आणि सेप्पोरीचे माप अशी चढती भाजणी आहे.

आमचा कौल लहान ओमराकडे आहे. मान्ना माणशी रोज एक ओमर मिळे, असे कथाच सांगते. म्हणजे हा एका माणसाचा दिवसाचा शिधा. सव्वादोन लिटर धान्य हेच एका पोटास पुष्कळ झाले. सव्वाचार लिटर तर पहिलवानालाही जड जाईल.

धर्मशास्त्र्यांना मात्र असा कौल देऊन सुटता येत नाही, कारण चूक झाली तर विधी चुकतो. नाए यांचे माप मानणाऱ्या घरांत म्हणून दोन आकडे चालतात. पीठ सुमारे 1,200 ग्रॅम झाले की गोळा काढतात, पण मंत्र म्हणत नाहीत. 1,666 ग्रॅमच्या पुढे गेले की मंत्र म्हणून काढतात. मधल्या साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅमांत गृहिणी गोळा काढते आणि गप्प राहते.